पडद्यावरची जखम

सर्जन आधी पेन्सिलीने रेघ मारतो. टेबलावर बेशुद्ध पडलेल्या मुलीच्या चेहऱ्याभोवती, शिंपी कापडावर खडूने आखतो तशी. मग त्याच रेघेवरून सुरी फिरते आणि मागे काळपट ओळ उमटत जाते. कडेला चिमटे लागतात. सर्जनला घाम फुटलेला आहे. पार्श्वसंगीत नाही, फक्त हत्यारांची बारीक खुडबुड. शेवटी चेहरा अलगद उचलला जातो आणि पडदा अंधारतो.

जॉर्ज फ्रांजूचा हा चित्रपट 1960 चा, कृष्णधवल. 'ले यू सां व्हिसाज', म्हणजे चेहरा नसलेले डोळे. अपघातात चेहरा गमावलेल्या आपल्या मुलीसाठी एक डॉक्टर दुसऱ्या मुलींचे चेहरे सोलतो, एवढीच कथा. एडिनबरोच्या महोत्सवात तो दाखवला तेव्हा प्रेक्षक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आल्या. फ्रेंच भयपटातल्या हिंसेबद्दल बोलताना बहुतेक लोक 2000 नंतरच्या चित्रपटांपासून सुरुवात करतात. मला मात्र या ऑपरेशन टेबलाजवळ आधी थांबावंसं वाटतं, कारण पुढे जे काही झालं त्याचं गणित इथेच मांडलेलं आहे.

गेल्या काही महिन्यांत मी हे चित्रपट अभ्यासाला बसावं तसे बघितले. एकदा सलग. मग निवडक प्रसंग आवाज बंद करून. मग तेच प्रसंग पडद्याकडे पाठ करून, फक्त कानांनी. अंगावर येतं ते नेमकं काय, रक्त की आणखी काही, हे मला शोधायचं होतं.

आवाज बंद केला की पहिली गोष्ट कळते ती म्हणजे जखम फार लवकर जुनी होते. सुरुवातीला मान फिरवावीशी वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला डोळा कारागिरी शोधू लागतो. सिलिकॉनच्या त्वचेची कड कुठे संपते, खरी मान कुठे सुरू होते, नळी कुठून आली असेल. उलट पाठ फिरवून नुसतं ऐकलं तर तोच प्रसंग असह्य होतो. हाड मोडण्याचा आवाज बहुतेक वेळा सेलरीच्या ताज्या दांड्यांचा असतो, मांसाचा आवाज कोबीचा, कलिंगडाचा किंवा ओल्या चामड्याच्या फडक्याचा. फोली आर्टिस्ट हे सगळं टेबलावर मांडून, पडद्यावरच्या हालचालीशी ठेका जुळवून वाजवतो. हे ठाऊक असूनही कान फसतोच. डोळ्याला आपण हवं तिकडे वळवू शकतो, कानाला झाकण नाही.

गास्पार नोएने 'इर्रेव्हर्सिबल'मध्ये (2002) याचाच वापर केला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने 28 हर्ट्झच्या आसपासचा एक खोल, सलग गुणगुणता आवाज खाली घालून ठेवला आहे. तो धड ऐकू येत नाही, पण शरीराला जाणवतो. पोटात कालवतं आणि कारण कळत नाही. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर हा आवाज पोचतच नाही. त्यामुळे 'एवढं काय आहे यात' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हा चित्रपट खऱ्या अर्थाने ऐकलेलाच नसतो, असं मला वाटतं. कान महोत्सवात मात्र लोक उठून गेले होते.

रक्ताचंही करून बघितलं. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणि खायचा लाल रंग आणला आणि वाटीत कालवला. जे तयार झालं ते सरबत होतं. निळ्या रंगाचा एक थेंब आणि चिमूटभर कोको घातल्यावर त्याला खोली आली. मनगटावर ओतलं तेव्हा खरी अडचण दिसली. रंग जमला होता, पण वाहणं जमत नव्हतं. पाक कातडीवर पसरत नाही, गोळा होऊन थांबतो. खरं रक्त त्वचेच्या बारीक रेषांतून वाट काढत जातं. अमेरिकन रंगभूषाकार डिक स्मिथने 'एक्झॉर्सिस्ट'च्या काळात यावर उपाय काढला होता. कॉर्न सिरप, रंग, टिकण्यासाठी मिथाइलपॅराबेन, आणि फोटो धुण्याच्या कामात वापरतात ते कोडॅकचं 'फोटो-फ्लो', ज्याने द्रव पृष्ठभागावर सारखा पसरतो. ते विषारी असल्यामुळे नटाच्या तोंडात जाणारं रक्त निराळं करावं लागतं. एवढ्या बारीकसारीक गोष्टी सांभाळल्या जातात, तेव्हा कुठे प्रेक्षकाला रक्त 'खरं' वाटतं. वाटलं म्हणून तो हलतो का, हा पुढचा प्रश्न.

फ्रान्समध्ये नकली रक्ताची ही विद्या चित्रपटाच्या बरोबरीनेच वाढली. पॅरिसच्या पिगाल भागात, रू शाप्तालच्या एका गल्लीत, जुन्या चॅपलच्या इमारतीत 1897 मध्ये ऑस्कर मेतेनिएने 'ग्रँ गिन्योल' हे छोटं नाट्यगृह काढलं. तिथे 1962 पर्यंत रंगमंचावर डोळे काढले गेले, गळे चिरले गेले, कार्माइन आणि ग्लिसरीनचं रक्त वाहिलं. पॉला माक्सा या नटीचा तिथे इतक्या वेळा 'खून' झाला की जगातली सर्वाधिक मारली गेलेली बाई अशीच तिची ख्याती झाली. एका भयनाट्यानंतर एक प्रहसन अशी रात्रीची रचना असे, म्हणजे हसून सैल झालेला प्रेक्षक पुढच्या धक्क्याला पुन्हा नवा. आज त्याच जागेत कर्णबधिरांचं, सांकेतिक भाषेतलं नाट्यगृह आहे. किंकाळ्यांसाठी गाजलेल्या वास्तूत आता चेहरा आणि हात बोलतात, हे मला मनापासून आवडतं.

2004 मध्ये समीक्षक जेम्स क्वांट यांनी 'आर्टफोरम' मासिकात एक लेख लिहिला आणि रक्त, देह आणि क्रौर्याने भरलेल्या नव्या फ्रेंच चित्रपटांना 'न्यू फ्रेंच एक्स्ट्रीमिटी' असं नाव दिलं. ते कौतुकाने दिलेलं नव्हतं. लेखात नोए, क्लेअर दनी, ब्रुनो द्युमाँ अशी मंडळी होती. भयपट त्या नावाखाली बहुतांशी नंतर जमा झाले. अलेक्सांद्र आजाच्या 'ओत तान्स्यों'ची (2003) रंगभूषा जानेत्तो दे रॉसी या इटालियन उस्तादाची, ल्युचो फुल्चीच्या चित्रपटांत मुरलेल्या हाताची. काम अव्वल. पण तिथेही मला आठवतो तो कपाटातला प्रसंग. नायिका पट्ट्यांच्या दाराआड लपून मैत्रिणीच्या आईचा खून बघते आहे, तोंडातून आवाज निघू देत नाही, आणि आपण तिच्याबरोबर श्वास धरून आहोत. शेवटच्या कलाटणीने आजाने ही कमाई उधळून टाकली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्युस्तियो आणि मोरी यांच्या 'आ लँतेरियर'मध्ये (2007) नाताळच्या आदल्या रात्री एका गरोदर, नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या घरात कात्री घेऊन एक अनोळखी बाई शिरते. बेआत्रिस दाल त्या भूमिकेत विलक्षण आहे. मात्र पोटावर वार होताच आतल्या गर्भाची संगणकी चित्रं दाखवली जातात, तिथे मला राग येतो. भीती त्या आईच्या डोळ्यांत पुरेशी होती.

आता 'मार्टर्स'. पास्कल लोझिएचा 2008 चा हा चित्रपट मी ज्या कारणासाठी पुन्हा बघितला, ते कारण त्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तळघरात नायिका ॲना साखळीला बांधलेली आहे. एक बाई येऊन तिला चमच्याने लापशीसारखं काहीतरी भरवते. एक धिप्पाड माणूस येतो, तिला मारतो, निघून जातो. तो काही बोलत नाही, रागावलेलाही नाही. पडदा काळा होतो. पुन्हा तेच. पुन्हा काळा. पहिल्या भयपटी भागात दचकायला लावणारी प्रत्येक युक्ती होती. इथे एकही नाही. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि तरी ते होतंच. ॲना झालेल्या मोर्जाना अलाउईचा चेहरा दर काळोखानंतर थोडा बदललेला असतो. आधी प्रतिकार, मग विनवणी, मग ऐकू न येणारं काहीतरी. मला इथे भीती वाटली नाही. मला थकवा आला, आणि नंतर दुःख झालं. दोन-तीन दिवस ते उतरलं नाही.

त्यानंतर ॲनाची कातडी सोलली जाते. अत्यंत हिंसक म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या या चित्रपटात ते सोलणं मात्र जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो परिणाम, रंगभूषाकार बनुआ लेस्तांगच्या चमूने घडवलेला. आणि छळणाऱ्यांनी एकच भाग शाबूत ठेवलेला असतो : चेहरा. फ्रांजूच्या डॉक्टरने नेमका चेहराच नेला होता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंतराने दोघा दिग्दर्शकांना एकच गोष्ट उमगलेली दिसते. माणसाचं दुःख जखमेत वाचता येत नाही, ते चेहऱ्यावर वाचावं लागतं. चेहरा काढून घेतला तर त्याची उणीव दुखते, आणि ठेवला तर तो दुखतो. फ्रांजूच्या नायिकेला, ईडिथ स्कॉबला, जवळजवळ पूर्ण चित्रपट पांढऱ्या गुळगुळीत मुखवट्यात राहावं लागतं आणि आपण अधाशासारखे तिच्या डोळ्यांकडे बघत राहतो.

बनुआ लेस्तांग 'मार्टर्स' प्रदर्शित होण्याच्या थोडं आधी, 2008 च्या उन्हाळ्यात गेला. त्याचं हे काम चित्रपटगृहांत आलं तेव्हा तो नव्हता. फ्रान्सच्या वर्गीकरण समितीने चित्रपटाला अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना बंदी असा शिक्का दिला होता. चित्रपटगृहांचे दरवाजे त्यामुळे जवळपास बंदच झाले असते. दिग्दर्शकांच्या संघटनेने विरोध केला, संस्कृतिमंत्री क्रिस्तीन अल्बानेल यांनी फेरविचार करायला सांगितलं आणि मर्यादा सोळावर आली. मला व्यक्तिशः अठराचा शिक्काच योग्य वाटतो. सोळाव्या वर्षी हे बघून माझं काय झालं असतं, सांगता येत नाही.

पुढे हा वारसा ज्युलिया द्युकुर्नोकडे गेला. 'रॉ'च्या (2016) टोरांटोतल्या खेळाला प्रेक्षक बेशुद्ध पडले, रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्यातला गाजलेला प्रसंग म्हणजे बहिणीचं कापलं गेलेलं बोट नायिका खाते तो. एका बोटापुरतं रक्त, पण नायिकेच्या चेहऱ्यावर किळस, कुतूहल आणि भूक एकामागून एक येतात, आणि आपण तिला थांब म्हणायच्या ऐवजी समजून घेऊ लागतो. आपलीच आपल्याला धास्ती वाटते. 2021 मध्ये द्युकुर्नोच्या 'तितान'ला कानचा पाम द'ऑर मिळाला. तो मिळवणारी ती जेन कॅम्पियननंतरची दुसरीच स्त्री दिग्दर्शक.

बेशुद्ध पडण्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्त बघून काहींच्या हृदयाचे ठोके आधी वाढतात आणि मग एकदम मंदावतात, रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं होऊ लागलं तर हातापायांचे स्नायू काही सेकंद घट्ट आवळून धरावेत, सैल सोडावेत, पुन्हा आवळावेत; रक्तदाब सावरतो. मानसोपचारात रक्ताच्या भीतीवर हा उपाय शिकवतात.

तेव्हा बघायचं असेल त्याने फ्रांजूपासून सुरुवात करावी, मग 'रॉ', आणि जमलं तरच 'मार्टर्स'. घरात बाळाची चाहूल असेल किंवा नुकतंच कुणी गेलं असेल तर 'आ लँतेरियर'च्या वाटेला जाऊ नये. मोबाइलवर, जेवताजेवता, पुढे ढकलत बघू नये. तसं बघितलं तर हातात फक्त जखमा उरतात. आणि मध्येच बंद करावंसं वाटलं तर खुशाल बंद करावं. तो चित्रपटाचा अपमान नाही, तुमचा पराभवही नाही.