हा इळा आभाळातला का जमिनीतला?

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात अंदुरा नावाचं गाव आहे. 1939 साली तिथे आभाळातून एक दगड पडला. चांगला 18 किलोंच्या आसपास वजनाचा! असा दगड म्हणजे अशनी. तो जिथे पडतो त्या गावाचं नाव त्याला मिळतं, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत तो आजही ‘अंदुरा’ याच नावाने नोंदलेला आहे.

आता मला सांगा, तो दगड गावच्या लोहाराकडे नेला असता, तर त्याने त्याचा इळा घडवून दिला असता का?

छे! दोन घाव घालताच ऐरणीवर नुसता भुगा झाला असता. त्या दगडात लोखंड होतं, पण रव्याच्या लाडवातल्या बेदाण्यांसारखं. इथे एक कण, तिथे एक कण, बाकी सगळा दगड. याला म्हणतात पाषाण-अशनी. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी आभाळातून दगड पडले, तेही याच जातीचे. पडताना दिसलेल्या दर शंभर अशनींपैकी नव्वदहून जास्त पाषाण-अशनीच असतात.

“मग लोणारचं काय?” असं कोणीतरी विचारणारच. बुलढाणा जिल्ह्यातला तो सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा अशनीच्या आघातानेच झाला, हे खरं. पण एवढा खड्डा पाडणारा पाहुणा इतक्या प्रचंड वेगाने येतो, की आदळताक्षणीच त्याचा बहुतेक भाग वितळतो आणि त्याची वाफ होते. लोहाराला चिमट्यात धरता येईल असा तुकडा लोणारात सापडलेला नाही.

हत्यार करायचं तर हवा लोह-अशनी. म्हणजे जवळजवळ सगळाच धातूचा गोळा. शंभरात चार-पाचच असे पडतात. पण ज्या काळी माणसाला खनिज वितळवून लोखंड काढता येत नव्हतं, त्या काळी हाच गोळा म्हणजे आयतं लोखंड! ग्रीनलंडमधल्या इन्युइट लोकांनी केप यॉर्कच्या प्रचंड लोह-अशनींचे बारीक तुकडे काढले आणि ठोकून ठोकून सुऱ्यांची पाती आणि भाल्यांची टोकं बनवली. ठोकायला काय वापरलं? बेसॉल्टचे दगड. बेसॉल्ट म्हणजे आपल्या वऱ्हाडात पायाखाली सगळीकडे असतो तोच काळा दगड!

आता समजा, तुमच्या शेतात नांगरताना एक जुनाट, गंजलेलं पातं वर आलं. ते आभाळातलं आहे का, हे कसं ओळखाल?

चुंबक लावून बघाल? लावा. चिकटेल. पण चुंबकाला आभाळातलंही लोखंड चिकटतं आणि वखराची पासही चिकटते. त्यावरून काहीच कळत नाही. मग रंगावरून? तेही नाही. गंज दोघांनाही चढतो.

खरी खूण आहे निकेल. हा धातू लोखंडाचा सोबती. सुमारे 450 कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला तयार होत असताना काही छोटे ग्रहगोल आतून वितळले. जड लोखंड आणि निकेल दोघं मिळून तळाशी, गाभ्यात जाऊन बसले. पुढे टकरींमध्ये हे गोल फुटले आणि गाभ्याचे तुकडे अवकाशात भटकू लागले. तेच लोह-अशनी. त्यांत निकेल साधारण 5 टक्क्यांपासून पुढे असतं.

आपल्या पृथ्वीचंही असंच झालं. तिचं बहुतेक निकेल खोल गाभ्यात गेलं. आपण खाणीतून काढतो ते खनिज वरच्या कवचातलं. त्यामुळे भट्टीत गाळलेल्या लोखंडात निकेल सहसा नावापुरतंच सापडतं.

निकेल मोजायला आज पातं कापावं लागत नाही. हातात धरायचं, पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र असतं. ते धातूवर क्ष-किरण सोडतं. मग धातूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत देतं आणि यंत्र सांगतं, यात काय किती आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीजवळ एक लोखंडी खंजीर मिळाला होता, सुमारे 3,300 वर्षांपूर्वीचा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यात जवळपास 11 टक्के निकेल आणि थोडं कोबाल्ट निघालं. खंजीर आभाळातला!

पण थांबा, निकेल दिसलं की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. घरातल्या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यातही सुमारे 8 टक्के निकेल असतं. तो काय आभाळातून पडला? त्यात भरपूर क्रोमियमही असतं, तिथे तो पकडला जातो. उलट, खूप गंजलेल्या पात्याच्या वरच्या थरातलं निकेल झिजून गेलेलं असू शकतं. म्हणून शास्त्रज्ञ एका खुणेवर थांबत नाहीत. कोबाल्ट किती, जर्मेनियम किती, तेही बघतात. शिवाय जुन्या भट्टीतल्या लोखंडात मळीचे, म्हणजे खनिज गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, बारीक कण अडकून राहतात. लोह-अशनी भट्टीत गेलेलाच नसतो, मग त्यात भट्टीची मळी कुठून येणार?

आणखी एक सुंदर खूण आहे. बहुतेक लोह-अशनी कापून, घासून त्यांवर सौम्य आम्ल लावलं की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. व्हिएन्नाच्या विडमनश्टेटन यांनी ती 1808 मध्ये पाहिली. त्यांचंच नाव तिला मिळालं. ही नक्षी पृथ्वीवर कोणालाच बनवता येत नाही. कारण त्यासाठी धातू इतका सावकाश निवावा लागतो, की काही अंश तापमान उतरायला हजारो वर्षं जातात. मात्र लोहाराने लालबुंद तापवून घण घातले, की नक्षी पुसली जाते. निकेल तेवढं राहतं.

स्वित्झर्लंडमध्ये तर गंमतच झाली. मोरिगेन इथे एकोणिसाव्या शतकात सापडलेलं एक छोटंसं बाणाचं टोक बर्नच्या संग्रहालयात पडून होतं. वजन जेमतेम 3 ग्रॅम. तपासलं, तर त्यात सुमारे 8 टक्के निकेल होतं, आणि अवकाशातल्या किरणांच्या माऱ्याने तयार होणारं किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियमसुद्धा! 2023 साली निकाल जाहीर झाला. नवा खड्डा एकही खणला नाही, जुन्या वस्तूच नव्याने बघितल्या.

आपल्या देशाचं उदाहरण बादशहा जहांगीरचं. 1621 साली जालंदरजवळ अशनी पडला. तिथल्या अधिकाऱ्याने जमीन खणून 160 तोळ्यांचा गोळा काढला आणि दरबारात पाठवला. बादशहाने उस्ताद दाऊदला सांगितलं, याची हत्यारं कर. पण घणाखाली ते लोखंड फुटू लागलं. तेव्हा दाऊदने तीन भाग आभाळातलं आणि एक भाग साधं लोखंड एकत्र केलं आणि दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडवली. हे सगळं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्या काळचं एक पातं आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. आता एक गणित करा. आभाळातल्या लोखंडात 8 टक्के निकेल होतं असं धरलं, तर या मिश्रणात किती राहील? बरोबर, 6 टक्के! म्हणजे यंत्रावरचा आकडा कमी आला, तरी तपास लगेच सोडायचा नसतो.

मग आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या हत्यारांचं काय? अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात, पूर्णा नदीच्या वळणावर फुपगाव आहे. तिथे 2018-19 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं. सुमारे 2,700 ते 2,400 वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. घरांच्या जमिनी, चुली, रंगीत दगडांचे मणी आणि लोखंडाच्या वस्तूसुद्धा.

एवढ्या जुन्या! मग आभाळातल्याच असतील? घाई नको. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, साधारण त्याच काळातली. भात्याची हवा आत सोडणारी मातीची नळी आणि लोखंडाची मळीही तिथे मिळाली. माहुरझरीसारख्या ठिकाणी दगडी वर्तुळांच्या दफनांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम असं किती तरी लोखंडी सामान निघालं. एवढं सामान काही आभाळातून पडत नाही. विदर्भातल्या त्या लोहारांना खनिजातून लोखंड काढता येत होतं. कोळसा, भाता आणि नेमकी आच यांच्या जोरावर! त्यामुळे वऱ्हाडात जुनं पातं मिळालं, तर ते जमिनीतल्या लोखंडाचं असण्याचीच शक्यता फार मोठी. त्यात हिरमुसायचं काय? आभाळातून आयतं मिळालेलं लोखंड ठोकण्यापेक्षा दगडातून लोखंड काढणं कितीतरी अवघड.

तेव्हा दोस्तांनो, शेतात, नदीकाठी किंवा पांढरीच्या टेकाडावर असं काही जुनं दिसलं, तर ते घासू नका, ठोकू नका आणि आम्ल तर मुळीच लावू नका. आपल्या हाताने खणूही नका. कारण वस्तू कुठल्या थरात होती, हे एकदा हरवलं की परत मिळत नाही. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि शिक्षकांना सांगा. ते तहसील कार्यालयाला किंवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला कळवतील. मग निकेल निघो न निघो, आपल्या गावाच्या इतिहासात एक नवी ओळ तुमच्यामुळे लिहिली जाईल.