सवयी बदलल्या की कन्सोलचा डाव उलटतो

व्हिडिओ गेम कन्सोलच्या बाजारात ज्याचे यंत्र अधिक शक्तिशाली तोच विजेता, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या दोन दशकांचा अनुभव मात्र निराळा आहे. या स्पर्धेचा निकाल यंत्रातील ‘चिप’पेक्षा ग्राहकांच्या सवयींनी अधिक वेळा लावला आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ आणि निन्टेंडोचे ‘वी’ अमेरिकेच्या बाजारात अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने दाखल झाले. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ वर्षभर आधीच आले होते. ब्ल्यू-रे डिस्कची सोय असलेल्या प्लेस्टेशनची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती, तर ‘वी’ची २५० डॉलर. चित्राच्या स्पष्टतेत ‘वी’ दोघांच्याही मागे होते. तरीही १० कोटींहून अधिक यंत्रे विकून बाजी मारली ती ‘वी’नेच. प्रतिस्पर्धी प्रत्येकी आठ कोटींच्या पुढे गेले, पण दहा कोटींचा टप्पा त्यांना गाठता आला नाही.

निन्टेंडोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी कधीच गेम न खेळणाऱ्यांकडे मोर्चा वळवला होता. हातातील रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावरचा चेंडू टोलवला जाई. बटणांची क्लिष्ट जुळणी शिकण्याची गरज न उरल्याने आजी-आजोबाही खेळात सामील होऊ शकले.

हा नवा ग्राहक जितक्या सहजपणे आला, तितक्याच सहजपणे दुरावला. २००८ मध्ये ॲपलचे ‘ॲप स्टोअर’ सुरू झाले आणि फावल्या वेळचा खेळ स्मार्टफोनवर फुकट किंवा नाममात्र दरात मिळू लागला. २०१२ मध्ये आलेले ‘वी यू’ सुमारे १ कोटी ३६ लाखांवरच थांबले. घरी टीव्हीला जोडता येणारे आणि प्रवासातही खेळता येणारे ‘स्विच’ २०१७ मध्ये आले, तेव्हा निन्टेंडोला पुन्हा सूर गवसला. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

खेळून झालेली डिस्क मित्राला देणे किंवा विकून टाकणे, ही ग्राहकांची आणखी एक जुनी सवय. २०१३ मध्ये ‘एक्सबॉक्स वन’साठी मायक्रोसॉफ्टने त्यावर निर्बंध जाहीर केले. ग्राहक संतापले, सोनीने ही संधी साधली आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच माघार घ्यावी लागली.

२०२० मध्ये मात्र दोन्ही कंपन्यांनी डिस्कची सोयच नसलेली यंत्रेही बाजारात आणली आणि ती खपलीही. कारण दरम्यानच्या काळात गेम डाउनलोड करण्याची सवय ग्राहकांच्या अंगवळणी पडली होती. यात सोय आहे, पण डाउनलोड केलेला गेम पुन्हा विकता येत नाही आणि वापरलेली डिस्क स्वस्तात घेण्याचा मार्गही बंद होतो. ज्या सवयीच्या बळावर ग्राहकांनी २०१३ मध्ये एका बलाढ्य कंपनीला नमवले, ती सवय सुटत गेली, तर कंपन्यांशी सौदा करण्याचे त्यांचे बळही तेवढेच घटणार आहे.