मोज्यांचा जोड

भेट द्यायच्या वस्तूंचा विचार करताना मोजे सहसा शेवटी आठवतात आणि पुष्कळदा आठवतच नाहीत. कारण मोजा ही शाळेच्या गणवेशाची किंवा कचेरीच्या बुटांची गरजेची वस्तू मानली जाते आणि भेटवस्तू मात्र गरजेपलीकडची असावी, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. साडी, शाल किंवा सदरा यांचे कौतुक चारचौघांत होते, तर मोज्याचा दर्जा पाहणाऱ्याला फारसा कळत नाही. तो कळतो फक्त वापरणाऱ्याला, बुटाच्या आत, पांघरुणाखाली किंवा पहाटेच्या गार फरशीवर. त्यामुळे मोजे देणाऱ्याच्या वाट्याला मिरवणे येत नाही, आणि ते नीट द्यायचे तर घेणाऱ्याच्या पावलाचे माप, त्याच्या पायातले जोडे, त्याला बाधणारी थंडी हे सारे देणाऱ्याला आधी लक्षात घ्यावे लागते. मोज्यांच्या भेटीचे मोल या लक्षात घेण्यात आहे, आणि या भेटीचा इतिहास वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे.

इंग्लंडच्या उत्तर सीमेजवळ विंडोलांडा नावाचे रोमन लष्करी ठाणे होते. रॉबिन बर्ली या पुरातत्त्वज्ञाला १९७३ मध्ये तेथील ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीच्या थरात लाकडाचे पातळ कापलेले पापुद्रे सापडले, ज्यांवर काजळीच्या शाईने लॅटिन मजकूर लिहिलेला होता. इसवी सन १०० च्या सुमाराच्या या पत्रांपैकी एक तुटके पत्र एका पुडक्यासोबतचे आहे, आणि पुडक्यात मोज्यांचे जोड, वहाणांचे जोड व आत घालायच्या चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख त्यात आहे. पत्र कोणी लिहिले आणि कोणाला, ती नावे फुटलेल्या भागासोबत गेली; मात्र एल्पिस, टेट्रिकस अशा काही जणांना आणि एका पंगतीत जेवणाऱ्या सगळ्या सोबत्यांना नमस्कार सांगणारा भाग शाबूत राहिला. साम्राज्याच्या पार टोकाला, पाऊस आणि चिखलाच्या मुलखात नोकरीला असलेल्या माणसासाठी कोणाला तरी सुचले ते पावलांचे रक्षण, ही गोष्ट कोणत्याही युद्धवर्णनापेक्षा त्या सैनिकांचे जिणे अधिक स्पष्ट करते. हे पत्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

प्रत्यक्ष मोज्यांचे जुने नमुने मात्र कोरड्या इजिप्तने राखले. १९१३–१४ च्या हंगामात अँटिनोपोलिस या प्राचीन नगराच्या उकिरड्यात उत्खनन करताना लहान मुलाच्या डाव्या पायाचा पट्टेदार लोकरी मोजा सापडला, जो इसवी सन ३०० च्या आसपासचा मानला जातो. वस्तूला इजा न करता निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात तिची छायाचित्रे घेण्याच्या तंत्राने त्याचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीचा तांबडा, वोड नावाच्या वनस्पतीचा निळा आणि वेल्डचा पिवळा, एवढ्या तीन रंगांच्या मिश्रणातून सहा-सात छटांचे पट्टे साधलेले होते. एवढ्याशा पावलासाठी, जे काही महिन्यांत मोठे होऊन तो मोजा त्याला अपुरा पडणारच होता, एवढे रंगकाम करण्यामागे हौसेखेरीज दुसरे कारण दिसत नाही. या मोज्यात अंगठ्यासाठी वेगळा कप्पा आहे, कारण तो पट्ट्याच्या वहाणेसोबत घालायचा होता. हिवाळ्यात पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्या स्त्रिया चपलेत घालतात ते अंगठ्याचे मोजे नेमक्या याच अडचणीवरचा हाच तोडगा आहेत.

हा इजिप्ती मोजा आज ज्याला विणकाम म्हणतात त्या पद्धतीचा नाही. नेढे असलेल्या एकाच सुईने, धाग्याचा आखूड तुकडा प्रत्येक फासातून पूर्ण ओढून घेत तो केलेला आहे. ही रीत सावकाशीची असली, तरी तिने केलेले कापड एक फास तुटल्याने उसवत नाही. दोन किंवा अधिक सुयांवर सुलट-उलट टाके घालण्याची, सलग लांब धागा वापरणारी रीत त्यानंतरची आहे, आणि तिच्यामुळे मोजा अधिक ताणला जाऊ लागला. पाऊल वस्त्रात शिरताना वस्त्र रुंदावले पाहिजे आणि शिरल्यावर पुन्हा आवळले पाहिजे, ही मोज्याची मूळ अट असल्याने विणलेल्या टाक्यांची ही लवचीकता निर्णायक ठरली.

मोज्यातली सगळी विद्या टाचेत आहे. दोन्ही टोके निमुळती असलेल्या चार-पाच सुयांवर गोल विणत गेल्यास एक सरळ नळी तयार होते, परंतु माणसाचा पाय घोट्यापाशी काटकोनात वळतो आणि मागे टाच बाहेर आलेली असते. म्हणून विणणारी स्त्री घोट्याखाली आल्यावर निम्मे टाके बाजूला थांबवून उरलेल्या निम्म्यांवर मागेपुढे विणत टाचेची पट्टी करते, मग ओळ पुरी न करता मधूनच माघारी वळते आणि या अर्ध्या ओळींमुळे कापडाला वाटीसारखा खोलगट आकार येतो. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलून ते फेरीगणिक कमी केले जातात, आणि शिंपीकामात जिला कळी म्हणतात तशी त्रिकोणी जागा पावलाच्या दोन्ही अंगांना तयार होते. कापून शिवलेल्या कपड्यात जे काम कात्री आणि शिवण करते, ते येथे केवळ टाक्यांच्या हिशोबाने होते. टाच न घडवता नुसती नळी विणलेले मोजे स्वस्त पडतात, पण ते चालताना पायाभोवती फिरतात आणि पावलाखाली गोळा होतात.

यंत्राने हे काम लवकर हाती घेतले. नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये जे यंत्र बनवले, त्यात प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडेदार सुई होती आणि पूर्ण ओळ एकदम विणली जाई. एलिझाबेथ राणीने त्याला मक्ता नाकारला, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे १७५८–५९ मध्ये जेडेडाया स्ट्रटने उभ्या रेघांचे, आवळून बसणारे विणकाम यंत्रावर शक्य केले, आणि १९४० मध्ये अमेरिकेत नायलॉनचे लांब मोजे विक्रीला आले. एवढे होऊनही हातविणीचे मोजे नाहीसे झाले नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शरद ऋतूत, ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांच्या मागणीवरून, सैन्यासाठी तीन लाख जोड मोजे जमवण्याचे आवाहन राणी मेरीने केले, तेव्हा घरोघरच्या सुयाच कामी आल्या. खंदकांतल्या गार पाण्यात दिवसचे दिवस भिजून पावले सडण्याचा विकार फैलावल्यावर कोरडे मोजे बदलणे हा लष्करी शिस्तीचा भाग झाला.

भेट म्हणून मोज्यांना सर्वांत मानाचे स्थान मिळाले ते बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर. एस्टोनियात मुलगी लहान वयापासून विणू लागे आणि हातमोजे, पायमोजे, विणलेले पट्टे एका लाकडी पेटीत साठवत जाई; ‘व्हेइमेवाक्क’ नावाची ही पेटी लग्नात उघडली जाई आणि त्यातल्या वस्तू सासरच्या माणसांना व लग्नात मदत करणाऱ्यांना वाटल्या जात. ज्यांना तिने धड पाहिलेलेही नाही, अशांसाठी वधूने कित्येक हिवाळे विणत राहावे, या प्रथेत श्रम फार होते हे खरे. तरीही नव्या घरातल्या प्रत्येकाशी पहिले नाते ऊबदार वस्तूने जोडण्याची ही कल्पना सुंदर आहे. त्याच देशातील किहनू बेटाची संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे आणि तेथील स्त्रिया आजही नक्षीदार मोजे हाताने विणतात.

भारतात मोज्यांच्या विणकामाचे असे घर लाहूलला आहे. हिमाचल प्रदेशातील या खोऱ्याची वाट ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवरून जात असे, आणि २०२० मध्ये अटल बोगदा खुला होईपर्यंत हिवाळ्यातले कित्येक महिने बर्फामुळे ती बंद राही. शेतीची कामे थांबलेल्या या काळात विणकाम रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलाँग येथे आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी, विशेषतः मारिया हाइडे यांनी, तेथील स्त्रियांना सुयांवरचे विणकाम शिकवले; नक्षी आणि रंग मात्र लाहूली स्त्रियांनी आपले घातले. या मोज्यांना आणि हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाने ती वस्तू ओळखण्याचे कायदेशीर संरक्षण, मिळाले.

महाराष्ट्रात मोठ्यांच्या लोकरी मोज्यांची परंपरा का नाही, याचे उत्तर हवेइतकेच मेंढीतही आहे. लोकरीचा तंतू सुमारे ३० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांशाहून, जाड असला की तो त्वचेला टोचतो. दख्खनी मेंढीची लोकर भरड असल्याने ती घोंगडीला उत्तम, पण उघड्या पावलाला नकोशी. घराघरांत मोजे आले ते दुसऱ्या वाटेने. बाळंतविड्यात, म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी माहेरच्या आणि आप्तांच्या हातून येणाऱ्या भेटीत, झबले, टोपडे, कुंची, दुपटे यांच्याबरोबर मऊ लोकरीचे इवलेसे मोजे असतात, आणि पुष्कळ घरांत ते आजी, मावशी किंवा आत्याने स्वतः विणलेले असतात. मराठी माणसाला आयुष्यात मिळणारी मोज्यांची पहिली भेट अशी अगदी सुरुवातीला मिळते. पुढे मात्र कोणी देत नाही, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

कारण पावलांना ऊब लागते ती सर्व वयांत. तळपायाच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे असे जोडमार्ग असतात, जे उघडले की शरीरातली उष्णता वेगाने बाहेर पडते. बाझेल येथील संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की हातपायांतल्या रक्तवाहिन्या जितक्या रुंदावतात, तितकी झोप लवकर लागते. पाय उबदार झाले की शरीराच्या गाभ्याचे तापमान उतरते, आणि झोपेला हे उतरणेच हवे असते. रात्री मोजे घालून निजणाऱ्या आजोबांची सवय म्हणूनच शास्त्राला धरून आहे. तळपायाला घामही फार येतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प तंतूत सामावूनही ओली लागत नाही, तर सुती मोजा घाम शोषतो पण धरून ठेवतो. म्हणून दिवसभर बुटात राहणाऱ्या पायांना निव्वळ सुती मोज्यापेक्षा मिश्र धाग्याचा मोजा अधिक मानवतो.

दिवाळी कार्तिकाच्या तोंडावर, थंडीची चाहूल लागताना येते, तेव्हा या भेटीला ऋतूही अनुकूल असतो. निवड करताना मोजा उलटा करून पाहावा, कारण आतून लोंबणारे धागे आणि बोटांवरची जाड शिवण बाहेरून दिसत नाही. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी वरची कड सैल आणि शिवण सपाट असलेले मोजे घ्यावेत. त्यांच्या पावलांची संवेदना मंदावलेली असल्यास घासून झालेली जखम त्यांना जाणवत नाही. गुळगुळीत फरशीच्या घरात तळाला रबरी ठिपके असलेले मोजे घसरण्यापासून वाचवतात. लोकरी मोजे कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, सपाट वाळवायचे असतात, हे भेटीसोबत सांगणे बरे, कारण दोरीवर लोंबत ठेवल्यास ते लांबतात. आणि शक्य असेल तर एकाच रंगाचे दोन जोड द्यावेत, म्हणजे टाचेपाशी एखादा विरला किंवा धुण्यात हरवला, तरी उरलेल्या तिघांतून एक जोड जुळतो आणि एक हाताशी राहतो.