केळी अर्धापूरची, हिशोब जर्मनी-कोस्टा रिकाचा

विष्णुपुरीत बसून हा जर्मनी आणि कोस्टा रिकाचं काय सांगतोय, असं वाटेल. पण तुमच्यातले बरेच जण अर्धापूर-मुदखेडची केळी बाहेर पाठवायचं म्हणतात आणि पहिलं नाव युरोपचंच घेतात. म्हणून व्हिडिओत राहिलेला हिशोब इथं मांडतो.

जर्मन माणूस केळीचा भारी शौकीन. १९५७ ला रोम करार झाला तेव्हा चॅन्सलर आडेनाउअर यांनी हट्टानं बिनशुल्क केळीची सोय करून घेतली. माल यायचा लॅटिन अमेरिकेतून. १९९३ ला युरोपनं सगळ्यांसाठी एकच नियम केला: आफ्रिका-कॅरिबियनमधल्या जुन्या वसाहतींना सवलत, लॅटिन अमेरिकेच्या मालाला कोटा आणि शुल्क. जर्मनी युरोपच्या कोर्टात गेला आणि १९९४ ला हरला.

म्हणजे गिऱ्हाईक तयार, दुकानदार तयार, मध्ये जकात नाका! अशा वेळी कोस्टा रिकानं काय केलं? तक्रार करणाऱ्या पाच देशांत तोही होता. पण १९९४ ला युरोपनं तडजोड पुढे केली, तेव्हा ग्वाटेमालानं सही नाकारली आणि कोस्टा रिकानं केली. कोट्यातला जवळपास २३ टक्के वाटा त्याला मिळाला. पुढे १९९७ ला जागतिक व्यापार संघटनेनं ही वाटणी नियमाबाहेर ठरवली, तरी मला तो सौदा शहाणपणाचाच वाटतो. नाशवंत मालाला कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत.

भांडण मिटायला डिसेंबर २००९ उजाडलं. जिनिव्हात ठरलं की टनाला १७६ युरो असलेलं शुल्क हळूहळू ११४ वर आणायचं. जून २०१२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या सहा देशांनी युरोपशी वेगळा करार केला; त्यात ते टप्प्याटप्प्यानं ७५ पर्यंत उतरलं.

आता कॅल्क्युलेटर काढा. करार असलेल्याला ७५, नसलेल्याला ११४. फरक टनाला ३९ युरो. २० टनांच्या एका रीफर कंटेनरमागे ७८० युरो! तुमची केळी कितीही गोड असली तरी एवढं अंतर आधीच पडलेलं असतं. वर समुद्राचं भाडं वेगळं.

म्हणून खोके छापायला टाकण्याआधी युरोपियन कमिशनच्या 'अ‍ॅक्सेस टू मार्केट्स' साइटवर जा, ०८०३ हा केळीचा कोड टाका, भारत निवडा आणि त्या दिवशीचं शुल्क बघा. तेच काम इराक आणि दुबईसाठीही करा. आपल्या देशाची बहुतेक केळी आखातातच जाते, आणि माझं मत विचाराल तर पहिला कंटेनर तिकडंच लावा.

पुढच्या व्हिडिओत कंटेनरचं तापमान घेऊ. केळीला १३-१४ अंश लागतात, त्याखाली साल काळी पडते.