फ्लॅश बाहेर, जाहिरात आत

२७ जानेवारी २०१०. सॅन फ्रान्सिस्कोतल्या रंगमंचावर आरामखुर्चीत बसून स्टीव्ह जॉब्ज नवा आयपॅड दाखवत होते. त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सचं संकेतस्थळ उघडलं, पान वर सरकवलं, आणि मध्येच एक रिकामा चौकोन आला. आत निळा ठोकळा. तिथे फ्लॅशवर चालणारा मजकूर दिसायला हवा होता. हा प्रात्यक्षिकातला घोटाळा नव्हता, अ‍ॅपलने ठरवूनच फ्लॅशला बाहेर ठेवलं होतं.

त्या काळी वेबवर जे काही हलायचं-बोलायचं, त्यातलं बरंचसं अ‍ॅडोबीच्या फ्लॅशवर चालायचं: व्हिडिओ, गेम आणि लक्ष वेधणाऱ्या हलत्या जाहिराती. आयफोनने २००७ पासूनच त्याला दार बंद केलं होतं. यूट्यूबने मग आयफोनसाठी आपले व्हिडिओ फ्लॅशशिवाय चालणाऱ्या एच.२६४ स्वरूपात करून घेतले.

८ एप्रिल २०१० ला अ‍ॅपलने एका दिवसात दोन चाली केल्या. व्यासपीठावरून 'आयअ‍ॅड' ही स्वतःची मोबाइल जाहिरातसेवा जाहीर झाली. त्याच दिवशी डेव्हलपरांच्या करारात एक कलम बदललं: अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी प्लस प्लस किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं हवं. फ्लॅशमधून आयफोनचं अ‍ॅप बनवून देणारं अ‍ॅडोबीचं साधन चारच दिवसांनी औपचारिकपणे सादर व्हायचं होतं. ते येण्याआधीच बाद झालं.

२९ एप्रिलला जॉब्जनी खुलं पत्र लिहिलं. फ्लॅश बॅटरी खातं, मॅक बंद पाडतं, सुरक्षेत कच्चं आहे, माउससाठी बनलंय, बोटासाठी नाही. यातलं बहुतेक खरं होतं. पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून त्यांनी जे कारण शेवटी दिलं, ते वेगळंच होतं: आपल्या आणि डेव्हलपरच्या मध्ये तिसरा कुणी नको. मूळचे हैदराबादचे, अ‍ॅडोबीचे प्रमुख शंतनू नारायण यांनी तांत्रिक आक्षेप म्हणजे निव्वळ धूळफेक असल्याचं त्याच दिवशी सांगितलं. शिवाय पत्रात 'खुल्या' वेबचा कैवार घेणारी कंपनी आयफोनवर दुसऱ्या कुणाचं ब्राउझर-इंजिन चालू देत नव्हती. आणि एच.२६४ च्या पेटंटधारकांत ती स्वतः होतीच.

जाहिरातीचं गणित मात्र इतकं सरळ नव्हतं. आयअ‍ॅडमध्ये डेव्हलपरला उत्पन्नाचा ६० टक्के वाटा मिळणार होता. जाहिरातदाराला सुरुवातीला किमान दहा लाख डॉलर मोजावे लागत. एवढं देऊनही जाहिरात कशी दिसावी यात अ‍ॅपलचा हात. निस्सानने आपली लीफ ही विजेवरची गाडी घेऊन सुरुवातीलाच प्रवेश केला, पण पैसे आमचे आणि मर्जी तुमची, ही कुरबुर लवकरच सुरू झाली.

दरम्यान गुगलने ७५ कोटी डॉलरला अ‍ॅडमॉब ही मोबाइल जाहिरात कंपनी घ्यायचं ठरवलं होतं. मेमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याला मान्यता दिली. कारणांत अ‍ॅपलचा या धंद्यातला प्रवेशही होता, म्हणजे स्पर्धा राहील. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलने नवी अट घातली: फोन किंवा त्याची कार्यप्रणाली बनवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या जाहिरात कंपनीला अ‍ॅपमधली माहिती द्यायची नाही. नाव न घेता नेम अ‍ॅडमॉबवर होता. टीका वाढली तसे सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने करारातले कडक नियम सैल केले.

फ्लॅशबाबत मात्र बाजी जॉब्जनीच मारली. अ‍ॅडोबीने नोव्हेंबर २०११ मध्ये मोबाइल ब्राउझरवरच्या फ्लॅशचा नाद सोडला आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशच संपवलं. आयअ‍ॅडची किमान रक्कम २०१२ पर्यंत एक लाख डॉलरवर घसरली. ३० जून २०१६ ला सेवाच बंद झाली. जाहिरात विकायला कुणाची तरी मनधरणी करावी लागते. ते अ‍ॅपलच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. नाही म्हणणं तिला चांगलं जमत होतं.

म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर आलेली एक छोटी खिडकी आयअ‍ॅडपेक्षा भारी पडली. 'या अ‍ॅपला तुमचा माग काढू द्यायचा का?' असं ती विचारते. तिच्यामुळे २०२२ या वर्षात आपल्या जाहिरात-उत्पन्नाला सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने दिला. अ‍ॅप स्टोअरमधल्या शोधजाहिराती अ‍ॅपल तोवर स्वतः विकत होतीच. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने या खिडकीच्या अंमलबजावणीवरून, इतरांना आणि स्वतःला वेगळे नियम लावल्याचा ठपका ठेवत, अ‍ॅपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. खिडकीत नेमके कोणते बदल करायचे, हे मात्र सांगितलं नाही.