रॉसी रस्त्यावरचा रियाज

सेंट पीटर्सबर्गमधला रॉसी रस्ता 220 मीटर लांब आहे. त्याची रुंदी 22 मीटर आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंचीही 22 मीटर. बॅलेची शाळा अशा मोजूनमापून बांधलेल्या रस्त्यावर असावी, हे मला फार शोभून दिसतं. झां-बातीस्त लांदे या फ्रेंच नृत्यगुरूने ती 1738 मध्ये सुरू केली. आज तिला अग्रिपिना वागानोवा यांचं नाव आहे. मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास इथे येतात आणि आठ वर्षं शिकतात.

वागानोवाबाईंचा जन्म 1879 चा, वडील मारिन्स्की नाट्यगृहात द्वारपाल. 1897 मध्ये त्या याच शाळेतून बाहेर पडल्या, पण बॅलेरिनाचा, म्हणजे प्रमुख नर्तकीचा, दर्जा मिळायला 1915 साल उजाडलं. पुढच्याच वर्षी रंगमंच सुटला. ही मधली वर्षं त्यांनी आपलं नृत्य कुठे कमी पडतं हे शोधण्यात घालवली. पीटर्सबर्गची फ्रेंच वळणाची शैली लोभस होती, पण कोपर ढिलं पडे, उडीत जोर नसे. उलट पिएरिना लेन्यानी ही इटालियन नर्तकी 1893 मध्ये एका पायावर सलग 32 फुएते गिरक्या घेऊन गेली होती. ही ताकद येते कुठून? इटालियन गुरू चेकेत्ती यांच्या शिष्या प्रेओब्राझेन्स्काया यांना निरखताना वागानोवांना उमगलं, की गिरकीला वेग देण्यात हातांचा वाटा मोठा आहे. बसलेल्या आवाजातून अल्लादिया खाँसाहेबांनी गायकी घडवली. इथे उणिवेतून एक शिक्षणपद्धती घडली.

1921 पासून त्या या शाळेत शिकवू लागल्या. 1934 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात पाय बाहेर का वळवायचा याचं कारण हाडांत शोधलेलं आहे. मांडी सरळ ठेवून पाय बाजूला उचलला, तर मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कमरेच्या हाडाला अडतो. मांडी खुब्यातून बाहेर वळवली की तो मागे सरकतो आणि पाय मोकळा वर जातो. वळण खुब्यातून न घेता नुसती पावलंच फिरवली, तर भार गुडघ्यावर येतो. वर्गातल्या मुलींना हे ‘का’ सांगता यावं लागे. चुकलं एवढं कळून भागत नसे, कशामुळे चुकलं तेही सांगावं लागे.

मग वरच्या वर्गात नवं काय शिकायचं? पावलं बरीचशी तीच. तास आजही प्लिएनेच सुरू होतो, म्हणजे पाय बाहेर वळवून गुडघे वाकवण्याने. पहिल्या वर्षी मुलगी दोन्ही हातांनी बार, म्हणजे आधाराचा दांडा, धरते, नंतर एका हाताने. पुढे तोच व्यायाम चवड्यावर उभं राहून, दुप्पट लयीत, आणि शेवटी बार सोडून खोलीच्या मध्यभागी, गिरकी घेत करायचा. आधार जसजसा सुटत जातो, तसतसा भार पाठीवर येतो. वागानोवांच्या मते नर्तकीचा तोल पाठीच्या कण्यात असतो, म्हणून हात, मान आणि नजरही पाठीपासूनच घडवायची. मला या पद्धतीचं मर्म इथेच दिसतं. पाय उंच जाणं ही त्यातली सोपी गोष्ट.

त्यांच्या हाताखालून 1925 मध्ये मरीना सेम्योनोवा आणि 1928 मध्ये गलिना उलानोवा बाहेर पडल्या. एक तेजाची, दुसरी हळवी. एकाच गुरूच्या शिष्या, पण एकमेकींची नक्कल मुळीच नाही. 1951 मध्ये वागानोवा वारल्या. त्याच वर्षी त्यांच्या हाताखालून इरिना कोल्पाकोवा बाहेर पडली होती. मारिन्स्कीवर अनेक वर्षं नाचून ती पुढे न्यूयॉर्कला गेली, आणि अमेरिकन बॅले थिएटरच्या नर्तकींना घडवू लागली.