बेस गिटारची घोडी : बदलण्याआधी मोजा



आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने आपली जुनी बेस गिटार भेट दिली. आठवीतली एक मुलगी ती मन लावून शिकू लागली. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मात्र रोज एकच तक्रार, "सर, हिचा सूर लागत नाही." मीही तिला दोनदा म्हटलं, "बाळा, जरा कान देऊन वाजव." तिसऱ्या वेळी ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी तालमीला आलीच नाही.

मग मी गिटार स्वतः हातात घेतली. मोकळ्या तारा अगदी चोख जुळत होत्या. पण बोट मानेवरून गिटारच्या अंगाकडे सरकवत नेलं, की सूर हळूहळू चढत होता. दोष मुलीच्या कानाचा नव्हता, घोडीचा होता. हा लेख त्यासाठीच आहे.

घोडी काय काम करते?

तंबोऱ्याची घोडी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तारा जिच्यावरून जातात ती. बेस गिटारमध्ये तेच काम धातूची घोडी करते. तिला ब्रिज म्हणतात. तारेचं एक टोक ती धरून ठेवते. तार किती उंच राहील, दोन तारांत किती अंतर असेल आणि तारेचा किती भाग कंप पावेल, हेही तीच ठरवते. प्रत्येक तारेखाली एक छोटा तुकडा असतो, तो सॅडल. त्याचे दोन बारीक स्क्रू उंची कमी-जास्त करतात. मागून येणारा लांब स्क्रू सॅडल पुढे-मागे सरकवतो.

ही सोय सुरुवातीपासून अशी नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. मानेवर पट्ट्या म्हणजे फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागेल, म्हणून नाव प्रिसिजन. पण त्याच्या घोडीवर चार तारांसाठी दोनच सॅडल होते. दोन तारांना एकच सॅडल, म्हणजे एकीचा सूर बरोबर केला की दुसरीचा थोडा हलणार. 1957 च्या बदलात चार तारांना चार सॅडल मिळाले.

थोडं गणित

अशा गिटारवर तारेची मूळ लांबी 34 इंच, म्हणजे 863.6 मिमी धरतात. बारावी फ्रेट बरोबर मध्यावर, 431.8 मिमीवर असते. तार निम्मी झाली की कंपनसंख्या दुप्पट होते आणि वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो.

आता समजा सॅडल 8 मिमी पुढे सरकलेला आहे. मोकळी तार 855.6 मिमी आणि बाराव्या फ्रेटपासून पुढचा भाग 423.8 मिमी. भागाकार करा : 2 ऐवजी सुमारे 2.019 येतो. अर्धस्वराचे 100 भाग केले, तर सूर सुमारे 16 भाग चढा लागतो. शिवाय तार दाबताना ती ताणली जाते, त्यामुळे सूर आणखी चढतो. म्हणूनच सॅडल मध्याच्या हिशेबापेक्षा थोडा मागे ठेवावा लागतो आणि जाड तारेचा सहसा जास्त मागे. सातवी-आठवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना हा प्रयोग जरूर करून बघा.

खरंच बदलायची गरज आहे का?

बऱ्याचदा नसते. आधी नवीन तारा लावा, स्क्रू साफ करा, सॅडल नीट बसवा. स्क्रूचे आटे झिजले असतील, गंजाने सॅडल जागचा हलत नसेल किंवा पत्रा वाकला असेल, तरच नवी घोडी घ्या. आमच्याकडे समुद्राची खारी हवा. सर्वांत बारीक तारेचा सॅडल गंजून पुढेच अडकला होता आणि त्याचे आटेही गेले होते.

निवडताना काय मोजाल?

इथे मी चूक केली. फोटो बघून एक जाडजूड, वजनदार घोडी मागवली. "जड घोडीने नाद लांबतो" असं ऐकलं होतं. पण तिचा तळ इतका जाड होता, की सॅडल पार खाली उतरवूनही तारा उंचच राहिल्या. मुलांची बोटं दुखायला लागली. ती घोडी आजही कपाटात आहे. नादातला फरक असलाच तर थोडाच असतो. बसणार की नाही, हे आधी बघावं. म्हणून या पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या :

1. तारा किती? चार की पाच?
2. शेजारच्या दोन तारांच्या मध्यांतलं अंतर. फेंडर पद्धतीच्या चार तारांच्या गिटारवर ते बहुधा 19 मिमीच्या आसपास असतं.
3. लाकडात बसणाऱ्या स्क्रूंची भोकं किती आणि कोणत्या अंतरावर? या पद्धतीत मागे एका रांगेत पाच भोकं असतात.
4. त्या भोकांपासून सॅडल किती पुढे-मागे जातो आणि कमीत कमी किती खाली येतो?
5. तार घोडीच्या मागून ओवायची की गिटारच्या अंगातून आरपार?

जुन्याच भोकांत बसणारी घोडी मिळाली तर उत्तम. नवीन भोकं पाडावी लागली, तर जुनी भोकं लाकडाच्या काडीने आणि सुतारकामाच्या गोंदाने बुजवा. नवं भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडा. स्क्रूला थोडं मेण लावलं तर लाकूड तडकत नाही.

बसवताना

चार तारांचा मिळून ताण सुमारे 75 ते 85 किलो असतो, त्यामुळे आधी सगळ्या तारा सैल करा. घोडी उचलली की खाली एक उघडी वायर दिसेल. ही अर्थची वायर. ती नव्या घोडीच्या धातूला घट्ट टेकलीच पाहिजे, नाहीतर अँप्लिफायरमधून घूं-घूं असा आवाज येत राहील.

मग तारांची उंची ठरवा. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे 2.4 मिमी आणि बारीक तारेखाली 2 मिमी, अशी सुरुवात ठीक. मान वाकलेली असेल तर ती आधी जाणकाराकडून सरळ करून घ्या.

शेवटी लांबी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तिथेच दाबून वाजवा आणि ट्यूनरवर दोन्ही सूर बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर पुढे आणा. सरकवण्याआधी तार सैल करा आणि दर वेळी पुन्हा जुळवून तपासा. घाई करू नका, चार तारांना अर्धा तास लागतोच.

सांभाळताना

वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने घोडी पुसायची, ही सवय मुलांनाच लावा. घामातलं मीठ गंज आणतं. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने धूळ काढा. स्क्रू अडकला तर कापसाच्या काडीवर तेलाचा एखादाच थेंब घ्या. लाकडाला आणि तारांना तेल लागू देऊ नका. मुलामा असलेल्या भागावर पितळ घासायची पावडर नको. इंची आणि मिलिमीटरच्या किल्ल्या वेगळ्या असतात, जवळपासची किल्ली फिरवली की स्क्रूचं तोंड जातं. पावसाळ्यात गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वाजवताना खुळखुळ ऐकू आली, तर उंचीचा एखादा स्क्रू सैल झालाय का ते बघा.

दुसऱ्या वेळी मापं घेऊन साधी, पातळ पत्र्याची घोडी आणली. ती जुन्याच पाच भोकांत बसली. मुलीला बोलावलं आणि सगळ्या वाद्यवृंदासमोर सांगितलं, "चूक तुझी नव्हती, गिटारची होती. आणि ती आधी न तपासता तुला बोललो, ही माझी." तिने काही उत्तर दिलं नाही. गिटार घेतली, बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं, सूर ऐकला आणि मान डोलावली.

तुमच्या शाळेत किंवा घरात एखादं मूल "बेसूर" ठरलं असेल, तर त्याला बोलण्याआधी पाच मिनिटं त्याचं वाद्य तपासा.